पहिली बंदूक हलकी नको, मापाची हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नव्या शिकाऱ्याने पहिली बंदूक कोणती घ्यावी, यावरच्या आपल्या लेखात हलकी, स्वस्त एकनळी घ्या आणि मुलांच्या हाती फोर-टेन (फार अरुंद नळीची छऱ्यांची बंदूक) द्या, असे सुचवले आहे. जिथे परवाना काढून शिकार करता येते, तिथे हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. नवखा नेमबाज बिघडतो तो बहुतेक वेळा याच सल्ल्यामुळे.

काडतूस तेच असेल तर बंदूक जितकी हलकी तितका खांद्यावरचा धक्का मोठा. ३.३ किलोच्या बंदुकीऐवजी अडीच किलोची घेतली की धक्क्याची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. दुकानात हातात घेताना सुखावणारा हलकेपणा दहाव्या बारापर्यंत वैरी होतो. मग चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, माणूस अंग चोरतो आणि नळी खाली झुकते. ही सवय एकदा जडली की काढायला फार वेळ लागतो.

फोर-टेनची अडचण वेगळी आहे. तिच्या लहान काडतुसात जेमतेम १४ ग्रॅम छरे असतात. अमेरिकी मापाचे ६ नंबरचे शिशाचे छरे २८ ग्रॅमला साधारण २२५ भरतात, म्हणजे इथे सव्वाशेसुद्धा नाहीत. नेम थोडा चुकला की पक्षी जखमी होऊन निसटतो आणि मुलाचा धीर खचतो. फोर-टेन ही मुरलेल्या हाताची बंदूक आहे. २० बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद) नेहमीच्या काडतुसात सुमारे २५ ग्रॅम छरे बसतात. सडपातळ बांध्याच्या व्यक्तीला किंवा वाढत्या वयाच्या मुलाला गॅसवर चालणारी, म्हणजे बाराच्या गॅसच्या जोरावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी, २० बोअरची सेमी-ऑटोमॅटिक द्यावी; तिच्या यंत्रणेमुळे धक्का पसरून येतो. सुरुवातीला तिच्यात एका वेळी एकच काडतूस भरावे. मधून मोडणारी दुनळी उघडी आहे की मिटलेली, हे दुरूनही दिसते. सुरक्षिततेच्या दृष्टीने तिला तोड नाही, पण धक्का ती पुरेपूर देते. धडधाकट प्रौढाने १२ बोअरला बिचकू नये, फक्त काडतूस सौम्य निवडावे. ऑलिंपिकमधले ट्रॅप आणि स्कीटचे नेमबाज २४ ग्रॅमच्याच काडतुसावर खेळतात.

घरात १२ आणि २० बोअर दोन्ही असतील तर काडतुसे कधीही एका पिशवीत ठेवू नयेत. २० बोअरचे काडतूस १२ च्या चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसण्याच्या भागातून, पुढे घसरते आणि नळीत अडकते. चाप ओढला तर नुसता टक्‌ आवाज येतो. बंदूक रिकामी राहिली असे समजून माणूस मागून १२ चे काडतूस घालतो, आणि नळी डाव्या हाताच्या जवळच फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगात येतात ती याच कारणाने.

लेखात दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या भागाच्या) मापाचा उल्लेखच नाही, आणि खरे तर निम्मी निवड तिथेच होते. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर कारखान्यातून साधारण १४ ते साडेचौदा इंच येते. बुटक्या माणसाला किंवा मुलाला १२ ते १३ इंच लागते. कोपराच्या खोबणीत दस्ता टेकवून पाहण्याची पद्धत ढोबळ आहे. त्यापेक्षा बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, शिकारीला घालणार तोच जाड कोट चढवावा, सुरक्षित दिशेला तोंड करून डोळे मिटावेत, बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नाक आणि अंगठ्याचे मूळ यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. नळीचा मागचा भागच दिसला आणि नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा मणी) दिसलीच नाही, तर दस्त्याची वरची कड खाली पडते आहे. नळीची पट्टी चढासारखी लांबवर दिसली तर कड उंच आहे आणि मारा वर जाईल.

त्याआधी नेमाचा डोळा कोणता, ते तपासावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे बोट दाखवावे, मग एकेक डोळा मिटावा. जो उघडा असताना बोट वस्तूवरच राहते, तो नेमाचा. उजव्या हाताच्या माणसाचा नेमाचा डोळा डावा निघाला, तर पहिल्याच दिवसापासून डावा खांदा वापरणे सर्वांत सोपे. मात्र नेहमीची सेमी-ऑटोमॅटिक रिकामे टरफल उजवीकडे फेकते, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून. त्याने डावी आवृत्ती किंवा दुनळी पाहावी.

रायफलबद्दल थोडक्यात. सरावाला पॉइंट २२ (छोट्या, सौम्य काडतुसाची रायफल) हवीच, पण ती खेळणे नव्हे. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते. हरणासाठी पॉइंट २४३, ६.५ क्रीडमूर किंवा ७ मिमी-०८ यांपैकी कोणत्याही काडतुसाची रायफल पुरते. गोळीचा किमान व्यास मात्र स्थानिक नियमांत पाहून घ्यावा. मॅग्नमची (जास्त जोरदार काडतुसाची) हौस नवख्याने करू नये. दुर्बीण डोळ्यापासून साधारण ९ सेंटिमीटरवर बसवावी. जवळ बसवली तर जोरदार धक्क्याने भुवई फुटते. नळीच्या तोंडावर बसवायचा ब्रेक धक्का कमी करतो, पण आवाज इतका वाढवतो की शेजाऱ्यालाही कानांचे संरक्षण लागते.

अंग चोरण्याची सवय लागली आहे का, हे ओळखायला सोबत्याला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांबरोबर एक-दोन डमी (न उडणारी खोटी काडतुसे) मिसळायला सांगावे. डमीवर चाप ओढताना नळी झुकली तर पुन्हा पॉइंट २२ वर जावे.

जुनी बंदूक घेणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. जुन्या १२ बोअरचे चेंबर ६५ मिलिमीटरचे असू शकते. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात आरामात बसते, कारण ही लांबी उडाल्यानंतरच्या उघड्या टरफलाची असते. उडताना त्याचे दुमडलेले तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब वाढतो. पातळ जुन्या नळीला पोलादी छरेही मानवत नाहीत, त्यातून फुल चोक (नळीचे तोंड जास्तीत जास्त आवळलेले) असेल तर मुळीच नाही. चेंबरची लांबी नळीवर कोरलेली नसेल, तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ती मोजून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आपला,
एक वाचक