मेणवलीचा घाट आणि आईचे गुडघे

वाई,
रविवार, संध्याकाळ

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते. पण बाबा, तुम्ही मधेच "थांब, ते असं नाहीये" म्हणणार आणि माझं सांगायचं राहून जाणार, म्हणून कागद घेतला. वाईला बदली होऊन आठ महिने झाले, मेणवली इथून जेमतेम तीन किलोमीटर, आणि मी आज पहिल्यांदा गेले. हसून घ्या.

खरं तर नाना फडणवीसांचा वाडा बघायला मी कमी गेले होते. आईला तिथे कुठवर नेता येईल, हे बघायला जास्त.

वाड्यात काही अडचण नाही. उंबरे तेवढे उंच आहेत, पाय जपून टाकायचा. सहा चौकांचा वाडा, लाकडी खांब, आणि आत शिरलं की उन्हातून एकदम माठाजवळ बसल्यासारखं गार. भिंतींवर देवादिकांची चित्रं आहेत, पुष्कळ विटलीत. एका जागी नुसता हात आणि बांगड्या उरल्यात, बाईचा चेहरा पोपड्याबरोबर गेलाय. तिथे मी बराच वेळ उभी राहिले.

बाबा, पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांतला अर्धा कोण आणि अर्धाच का, हे तुम्ही आम्हाला जेवताना विचारायचात आणि उत्तर येईपर्यंत आमटी गार व्हायची. तलवारीचं अंग नाही म्हणून अर्धा! त्या अर्ध्याला, म्हणजे नानांना, 1768 साली हे गाव मिळालं. पानिपतातून जीव वाचवून आला तेव्हा विशीही गाठली नव्हती, आणि आईला तिथेच गमावून आला होता. हे तुम्ही कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. की मीच ऐकलं नसेल? मेणवली दप्तराचं, नानांच्या त्या जुन्या कागदपत्रांचं, मात्र शंभरदा ऐकलंय. इतिहास धुंडाळणारे पारसनीस कागदांच्या त्या रुमालांपर्यंत पोचले नसते तर काय झालं असतं, हा तुमचा लाडका प्रश्न. आज रिकामे कोनाडे बघताना तुमच्याच आवाजात ऐकू आला.

आई, तुझ्यासाठी वेगळी गोष्ट आहे. नाना 1800 साली गेले तेव्हा त्यांची बायको जिऊबाई कोवळी पोर होती. एवढ्या मोठ्या कारभाऱ्याची विधवा, सगळ्यांचा डोळा पैशावर. पुढे तिने याच मेणवलीत दिवस काढले. माजघरातल्या अंधारात मला नानांपेक्षा तीच जास्त दिसत होती.

आता घाट. वाड्याच्या मागच्या अंगाने उतरलं की कृष्णा. पायऱ्या दगडी, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या आणि बऱ्याच. मोजायला लागले आणि अर्ध्यावर एका म्हशीने पाणी उडवलं, आकडा विसरले. खालच्या दोन-तीन शेवाळलेल्या आहेत. मी घसरले, लागलं नाही, फक्त ड्रेस गेला. (हे वाचून लगेच फोन करू नका.) तिथे आईने उतरायचंच नाही. वर मेणेश्वराच्या देवळाशी सावलीत बसलं तरी सगळा घाट दिसतो.

देवळाजवळच ती घंटा आहे. बाबा, तुमचंच खरं, इंग्रजांची नाही, पोर्तुगीजांचीच. चिमाजीअप्पांनी 1739 ला वसई घेतली तेव्हाची. तिच्यावर 1707 साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. मी बोट फिरवून बघितलं, बाळाचं डोकं हाताला नीट लागतं. शेजारी एक आजी उभ्या होत्या. मेरीकडे बघून म्हणाल्या, "यशोदा हाय ती." मी दुरुस्त केलं नाही. तुम्ही असतात तर केलं असतंत, आणि मग आजींनी तुम्हाला.

आई, 2019 पासून तू कृष्णेचं नाव काढलं की तोंड फिरवतेस. बरोबरच आहे. सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आपल्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत चढलं आणि तुझ्या लग्नातला शालू चिखलात सापडला. मी तुला नदीला माफ कर म्हणत नाहीये. पण इथे ती एवढीशी आहे गं. धोमच्या धरणातून नुकती सुटलेली, पलीकडच्या काठावर कपडे आपटणाऱ्या बाईचं बोलणं अलीकडे ऐकू येईल एवढी. तुला एकदा तिचं हे रूप बघू दे, मग पाहिजे तर तिथेच बसून चार शब्द सुनाव.

तर संक्रांतीनंतरच्या शनिवारी या. एसटीने येऊ नका, मी गाडी पाठवते. कराड, सातारा करत जेवायच्या वेळेला पोचाल. रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत मेणवली, परत येताना वाईचा ढोल्या गणपती. बाबांनी काठी घ्यायची, "लागत नाही" ऐकून घेणार नाही. आईचा गुडघ्याचा पट्टा निळ्या पिशवीत आहे, दिवाळीत मीच ठेवला होता.

आणि भडंग आणा, दोन किलो. बँकेतल्या सगळ्यांना कबूल करून बसलेय.

तुमची,
ताई