शिवणयंत्र १

प्रिय मंजू,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही, रागावली असशील, पण हे तुझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. तब्येत बरी, गुडघा तेवढा कुरकुरतो.

काल पॉट्सडॅमच्या अर्काइव्हमध्ये पणजीची फाइल हातात आली. बर्लिनच्या ज्यूंना गाडीत घालून पाठवण्याआधी नाझी त्यांच्याकडून १६ पानी फॉर्म भरून घ्यायचे, घरात काय काय आहे ते सगळं लिहायचं, तसल्या ४०,०००च्या वर फाइली आहेत तिथे. पणजीने स्वतःच्या हाताने भरलाय गं. जुनं जर्मन वळण, आधी एक शब्द लागेना, मग तू मोडी शिकताना करायचीस तसा तक्ता शेजारी ठेवून एकेक अक्षर लावत बसले. उशा ४, चादरी ६, टेबल १. आणि त्याखाली शिवणयंत्र १.

मंजू, आजी आयुष्यभर काय सांगायची? आईने मशीन विकून माझं बोटीचं तिकीट काढलं, तिच्या पोटावर पाय देऊन मी १९३८ला मुंबईला आले. त्यापायी घरात मशीन येऊ दिलं नाही, तुमच्याकडे काकू शिवायला बसल्या की अर्धा चहा टाकून उठायची. आणि त्यावरून आपलं ते भांडण, तू म्हणालीस तुझ्या आजीला आमचं घर हलकं वाटतं, मग मी दोन महिने बोलले नाही. तू तीन आठवडे म्हणशील, दोन महिनेच होते!

आणि ते मशीन जानेवारी १९४२मध्ये घरातच होतं. बेलीफने शेजारी किंमत टाकलीय. सहीत 'सारा' आहे, १९३९पासून ज्यू बायकांना ते नाव लावावंच लागायचं. मग तिला गाडीने लाटव्हियातल्या रिगाला पाठवलं. त्यानंतर फाइलीत फक्त घरमालकाचा कागद, थकलेलं भाडं द्या म्हणून. तो वाचून मी बाहेर जाऊन बसले.

तिकिटाचे पैसे आले कुठून मग? नंतर दुसरं मशीन घेतलं म्हणावं तर त्या दिवसांत पैसे कुठले. मला वाटतं, आजी जायला तयार नव्हती, म्हणून पणजीने सांगितलं की विकून टाकलंय, आता निघ.

बाबांना सांगू का गं? आजीच्या प्रत्येक पुण्यतिथीला ते ही गोष्ट सांगतात. ८१ वर्षांच्या माणसाला कसं सांगायचं, की तुमची आई नसलेल्या गोष्टीसाठी झुरली? आणि दडवलं तर पणजीने काय केलं ते कुणालाच कळणार नाही.

लेकाची ॲडमिशन झाली का? घराचा ताबा मिळाला का? काकूंचं मशीन अजून आहे ना?

त्या पानाची कॉपी पाठवतेय, चौथी ओळ बघ. रविवारी फोन करते.

तुझी,
रेवा