संद्या, तुझ्यासाठी एक वाघीण घेतलीय

प्रिय संद्या,

घाबरू नकोस, रेल्वेची वाघीण, म्हणजे मालडबा, आणि तोही मॉडेल, वीतभरसुद्धा नाही. बोस्टनमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात दिसली, वर निळी, मधे पांढरी, खाली लाल, आणि अंगावर लिहिलंय ‘स्टेट ऑफ मेन प्रॉडक्ट्स’. मी दुकानदाराला म्हटलं हा बर्फाचा डबा ना, तर तो हसला, म्हणे उलटं आहे, हा बटाट्यांना थंडी लागू नये म्हणून! झालं, मग मी आठवडाभर तेच वाचत बसलो.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तरेला अरुस्टुक काउंटी आहे, तिथे सगळा बटाटा. काढणीला पोरं लागतात म्हणून काही शाळांना अजूनही सुट्टी देतात, आपल्याकडे अशी सुट्टी असती तर आपण दोघं पहिले शेतात! तर १८९१ मध्ये बँगर अँड अरुस्टुक नावाची रेल्वे कंपनी निघाली, तिचं पोटच या बटाट्यावर. आता गंमत बघ, बटाटा शून्याच्या जरा खाली गेला की गोठतो आणि वितळल्यावर त्याचं पाणी-पाणी, आणि माल जायचा ऐन हिवाळ्यात, जेव्हा तिकडे उणे वीस-पंचवीस काही विशेष नाही. सुरुवातीला साध्या डब्यालाच आतून फळ्या मारायचे, आत शेगडी, आणि ती विझू नये म्हणून एक माणूस सोबत जायचा, म्हणजे बटाट्यासाठी राखणदार! पुढे भिंतीत इन्सुलेशन भरलेले डबे आले आणि हीटर, आधी कोळशाचे मग अल्कोहोलचे. माझं मॉडेल त्याच घराण्यातलं, १९५० च्या दशकातलं.

त्यांचं डोकं मला सगळ्यात आवडलं ते इथे. त्याच सुमारास कंपनीने जाड भिंतींचे रेफ्रिजरेटर डबे घेतले, थंडी अडवायला तेही चालायचे, पण उन्हाळ्यात बटाटा नाही, मग डबे उभे ठेवून काय करणार? पश्चिमेकडच्या पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस या डब्यांच्या कंपनीला तेव्हाच फळं-भाज्यांसाठी डबे कमी पडायचे. मग उन्हाळ्यात यांचे डबे तिकडे, हिवाळ्यात त्यांचे इकडे. आपल्या आजीचं शेजारणीशी पुरणयंत्राचं चालायचं ना, तसं.

पण संपलं ते वाईट संपलं रे. बटाटा न्यू इंग्लंडच्या (मेन ज्यात येतं तो अमेरिकेचा ईशान्य कोपरा) बाहेर न्यायला पुढे दुसऱ्या कंपनीची लाइन लागायची, १९६८ नंतर ती पेन सेंट्रल, दोन प्रचंड कंपन्या एकत्र करून बनवलेली आणि आतून सगळा सावळा गोंधळ. १९६९-७० च्या हिवाळ्यात डबे तिच्या यार्डांत अडकून पडले आणि कितीतरी माल नासला. डब्याची जाड भिंत थंडी अडवेल, पण हीटरचं इंधन संपेपर्यंतच ना! शेतकऱ्यांनी सरळ ट्रक धरले. जून १९७० मध्ये पेन सेंट्रलचं दिवाळं निघालं, पण बटाटा काही रेल्वेकडे परतला नाही. बँगर अँड अरुस्टुक मात्र कागदाच्या मालावर रेटत राहिली, २००३ मध्ये विकली गेली. मला तरी डब्याचा दोष कुठेच दिसत नाही, इतकी वर्षं निभावलं बिचाऱ्याने.

डिसेंबरात येतोय, वाघीण हातातल्या बॅगेत आणतो. दरवाजे खरंच सरकतात, पण एका बाजूचा जरा अडकतो, तुझ्या पोराला जोर लावू देऊ नकोस. आणि वहिनींना सांग, बटाटेवडे हवेत.

तुझा,
पक्या