पावसाळ्यात कार्बोरेटरमधला बर्फ

महोदय,
छोट्या विमानाचं इंजिन उडताना बंद पडलं की लोक इंधन संपलं असंच धरतात. नागपूरच्या दमट पावसाळी हवेत कार्बोरेटरमधल्या (इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातल्या) बर्फाचाही संशय घ्यायला हवा. बाहेर २५ अंश असले तरी व्हेंचुरीत, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात, तापमान २०हून अधिक अंशांनी उतरू शकतं. थ्रॉटलला (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला) हात न लावता आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) घसरू लागला की कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढा. बर्फ वितळताना इंजिन आणखी अडखळतं. नेमकी तेव्हाच घाबरून कार्ब हीट बंद केली जाते. कृपया करू नका!

तरीही इंजिन थांबलं, तर सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाचा वेग ६० नॉट्सवर (ताशी सुमारे १११ किमी) धरा. धानाचे बांध, कोराडीकडच्या उच्चदाब तारा टाळून शेत निवडा. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) विजेवर चालतात, म्हणून मास्टर स्विच ते उतरवल्यावरच बंद करा.

— एक वाचक, नागपूर