हजेरीच्या वहीवरची सही

सेलू,
१८ जानेवारी २०२६

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुपारी फोनवर तुझा आवाज भरून आला आणि तू "सर्दी झालीय गं" म्हणालीस. मला कळलं, सर्दी नव्हती. तुझी रूममेट शेजारी असते, मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर दार लावून लिहायला बसलेय.

तू सांगितलेलं मी मनाशी पुन्हा नीट लावून पाहिलं. तू शिकवतेस त्या फार्मसी कॉलेजात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला ६० मुलं. वर्गात बसतात वीस-बावीस. बाकीची नॉन-अटेंडिंग. प्रवेश घेतानाच तसं ठरलेलं, त्याचे पैसे वेगळे दिलेले. आता सेशनलचे, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षांचे मार्क आणि प्रॅक्टिकलची हजेरी वर पाठवायची वेळ आली तेव्हा मस्टर तुझ्यापुढे सरकवलं. "मॅडम, तुम्ही नवीन आहात, सगळीकडे असंच चालतं." ज्या मुलांची तोंडं तू पाहिली नाहीस त्यांच्या नावापुढे 'पी' मांडायचा आणि खाली सही करायची.

करू नकोस.

हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आई शेवटी काय म्हणणार याची धाकधूक तुला नको. आता माझं म्हणणं सावकाश सांगते.

मी १९८४ साली डी.फार्म.ला, म्हणजे याच डिप्लोमाला लागले. सरकारी कॉलेज, मोजक्या जागा. यादीत नाव लागलं तेव्हा तुझे आजोबा पेढे घेऊन शाळेतल्या मास्तरांकडे गेले होते. डिस्पेन्सिंगला, म्हणजे औषध बनवून द्यायच्या विषयाला, आम्हाला एक सर होते. खलबत्त्यात घोटलेलं मिश्रण, बाटली, त्यावरची चिठ्ठी, सगळं बघायचे. चिठ्ठीवर 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' लिहायला विसरलं की काही न बोलता औषध बेसिनमध्ये ओतायचे आणि बाटली परत हातात द्यायचे. चार तासांचं काम गेलं. मी एकदा रडलेसुद्धा. पण पुढे ३५ वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीत बसले, तेव्हा एकही बाटली हलवायला सांगितल्याशिवाय दिली नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना, १९८६ च्या सुरुवातीला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातली बातमी आली. ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊन १४ माणसं गेली. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. सरांनी वर्तमानपत्र वर्गात आणलं, पूर्ण वाचून दाखवलं आणि घडी करून टेबलावर ठेवलं. त्या दिवशी शिकवलं नाही. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. औषध खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत किती जणांनी आपापलं काम केलं नाही, ते त्यात बाहेर आलं. मला त्यातून एवढंच डोक्यात बसलं की बाटली रुग्णापर्यंत जाते ती सह्यांच्या रांगेतून, आणि त्यातली एक सही जरी खरी असती तर ती अडली असती.

गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधाने गेली. कितीतरी जण उपचाराला आपल्या नागपुरात आणले होते. पुन्हा तेच डायएथिलीन ग्लायकॉल. चाळीस वर्षांनी. टीव्ही बंद करून मी बराच वेळ ओसरीवर बसले होते. तुझ्या बाबांनी विचारलं, तर मला सांगता आलं नाही.

आता तुझ्या कॉलेजचं. तिथल्या एकेकट्या माणसाला मी दोष देत बसत नाही, कारण हे आभाळातून पडलेलं नाही. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. इंजिनिअरिंगची कॉलेजं आली. त्यातून खेड्यापाड्यातली मुलं शिकली, हे मी कधी नाकारणार नाही. मग डी.एड.ची लाट आली. समोरच्या मावशींनी दोन एकर विकून दोघी मुलींना डी.एड. केलं, त्यानंतर शिक्षकभरती थंडावली, आणि थोरली आज ब्लाउज शिवते. तुला आठवत असेल, ती तुला पाढे शिकवायची. फार सुंदर शिकवायची. आता लाट फार्मसीची आहे. इंजिनिअरिंगसारखं मोठं वर्कशॉप लागत नाही, डिप्लोमा दोन वर्षांत उरकतो, आणि हातात कागद आला की 'मेडिकल टाकता येतं', निदान कागद दुसऱ्याच्या दुकानाला लावता येतो, हे घराघरात पोचलंय.

या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या फार्मसी कौन्सिलला हे दिसत नव्हतं असं नाही. २०१९ मध्ये त्यांनीच ठराव केला होता की पाच वर्षं नवीन कॉलेज नको. संस्थाचालक कोर्टात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या ठरावाने अशी बंदी घालता येत नाही, त्यासाठी रीतसर नियम करावे लागतात. कायदा म्हणून ते बरोबरच असेल. पण बांध फुटला तो फुटला. तू एम.फार्म. करत होतीस त्या दोन-तीन वर्षांत आपल्या जिंतूर-परभणी रस्त्यावरच्या पाट्या मोज. शाळेच्या वरच्या मजल्यावर फार्मसी, मंगल कार्यालयाच्या मागे फार्मसी. एवढ्या जागा भरायला मुलं आणायची कुठून? मग अट खाली येते. बी.फार्म.ला बारावीच्या विषयांत खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०, आणि सीईटीत शून्याच्या वर काहीही असलं तरी पात्र. शून्याच्या वर! डी.फार्म.ला तर सीईटीसुद्धा नाही, बारावी सायन्स पास पुरे. तरीही जागा रिकाम्या राहतात, आणि रिकामी जागा म्हणजे बुडालेली फी. तिथून नॉन-अटेंडिंग सुरू होतं.

ताई, या सगळ्यात एक गोष्ट तू मनात नीट वेगळी ठेव. कमी मार्कांची मुलं हा तुझा शत्रू नाही. तूच सांगितलंस ना, ती एक मुलगी पहाटेच्या एसटीने येते, बारावीला ४८ टक्के, आणि रिसेप्टर म्हणजे काय ते तिसऱ्यांदा विचारताना लाजत नाही. ती उत्तम फार्मासिस्ट होईल. मला अट वर जायला हवीच आहे, सीईटीला काहीतरी किमान गुण हवेतच. पण दारात थोडी ढिलाई झाली तर आत शिकवून ती भरून काढता येते. आतही शिकवलं नाही आणि बाहेर पडताना खोटी सही मिळाली, तर मग काहीच उरत नाही. मला भीती त्याची वाटते.

हे कशावरून म्हणते ते सांगते. तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधी एक मुलगा खिडकीशी आला. डी.फार्म. झालेला, प्रॅक्टिकल ट्रेनिंगचा फॉर्म घेऊन. ५०० तास, तीन महिने. त्याला एका दिवसात शिक्का हवा होता. घरी गाळा बांधून तयार होता, फर्निचर लागलं होतं, फक्त नोंदणी अडली होती. मी त्याला आत बोलावलं. दोन बाटल्या पुढे ठेवल्या, पॅरासिटामॉलचे थेंब आणि पॅरासिटामॉलचं सिरप. म्हटलं, आठ किलोचं लेकरू आहे, ताप आहे, डॉक्टरांनी १२० मिलिग्रॅम लिहिलंय, किती देशील? तो म्हणाला, "मॅडम, एक चमचा." कुठल्या बाटलीतून? "दोन्ही पॅरासिटामॉलच आहे ना?"

तुला हे पाठ आहे, तरी लिहिते. सिरपच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. थेंबांच्या एका मिलीतच १००. तो पाच मिलीचा चमचा थेंबांच्या बाटलीतून गेला असता तर १२० च्या जागी ५०० मिलिग्रॅम, आणि ताप उतरत नाही म्हणून आई चार-सहा तासांनी पुन्हा देणार. त्या बाळाचं यकृत किती दिवस टिकेल?

मी शिक्का दिला नाही. म्हटलं, रोज ये. तो चिडला, पण आला. सकाळी ओपीडीच्या गर्दीत माझ्या शेजारी उभा राहायचा. मी त्याला लेबलवरचं 'प्रत्येक ५ मिलीत' हे बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावायची. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने स्वतःहून एका आजीबाईंची चिठ्ठी अडवली. सांधेदुखीची मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, आणि आजी म्हणत होत्या की मी रोज घेते. तो धावत माझ्याकडे आला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. आजींना आम्ही तसंच डॉक्टरांकडे नेलं.

अकरा दिवस आला. बाराव्या दिवशी त्याच्या वडिलांनी दुसरीकडून शिक्का मिळवला आणि त्याचं येणं बंद झालं. आज त्याचं मेडिकल आहे. कधी रात्री फोन येतो, "मॅडम, एका वजनाचा डोस विचारायचा होता." त्या अकरा दिवसांत डोक्यात गेलं तेवढ्यावर तो चालतो, आणि जिथे पुरत नाही तिथे विचारतो. उरलेले दिवस कुणी हिरावले त्याचे? त्याच्या हुशारीचा प्रश्नच नव्हता गं. दोन वर्षं त्याला कुणी बाटली हातात दिली नव्हती, आणि तरी त्याच्या मस्टरवर कुणाची तरी सही होती.

तुझ्या वयाची कुणी मॅडम असेल. तीही रडली असेल कदाचित.

२०२२ मध्ये डिप्लोमानंतरच्या एक्झिट परीक्षेचा नियम आला, तीन पेपर, प्रत्येकात निदान ५० टक्के, मगच नोंदणी. चांगलं आहे. पण तिथे अडकणार कोण? ज्यांना न येता पास करू असं सांगून पैसे घेतले तीच मुलं. दोन वर्षं गेली, बापाचं कर्ज झालं, आणि हातात काही नाही. म्हणून तुझी सही त्यांच्याही भल्याची नाही. "मॅडम चांगल्या आहेत, पास करतात," असं आज म्हणतील. चार वर्षांनी काय म्हणतील?

तर काय करायचं. आले त्यांची हजेरी खरी मांड. आले नाहीत त्यांच्यापुढे गैरहजर. मार्क, ज्यांनी पेपर दिला त्यांचेच. आणि प्राचार्यांना तोंडी काही बोलू नकोस, एक साधा अर्ज दे की मी एवढ्याच विद्यार्थ्यांचे प्रॅक्टिकल घेतले आहे. पोच घे. तारखेसह. आवाज चढवू नकोस, त्यांच्यावर आरोपही करू नकोस. तपासणीच्या दिवशी तू न पाहिलेल्या माणसांना 'आमचे प्राध्यापक' म्हणून ओळख करून द्यायला सांगतील, तिथेही गप्प राहा, पण हो म्हणू नकोस.

नोकरी जाईल का? जाऊ शकते. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मला माहीत आहे, आणि तीन महिन्यांचा पगार त्यांनी अडकवून ठेवलाय हेही. बाबांशी बोलले. ते म्हणाले, माझ्या पेन्शनमधून हप्ता भरू, वर्षभर काही अडचण नाही. त्यांनी एवढंच म्हटलं आणि पेपर वाचायला लागले, पण पान काही उलटत नव्हते. तू हॉस्पिटल फार्मसीत जा, औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात जा, तुझं शिक्षण वाया जाणार नाही. मात्र त्यांनी काढेपर्यंत स्वतःहून निघू नकोस. ती वीस-बावीस मुलं रोज येतात. तू गेलीस तर त्यांना कोण आहे?

उद्या सकाळच्या एसटीने पार्सल टाकते. वर तिळाचे लाडू आहेत, तुझे आणि रूममेटचे वेगळे बांधलेत. खालच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून बाटल्या ठेवल्या आहेत: थेंबांच्या सहा, सिरपच्या सहा, १२५ च्या आणि २५० च्या दोन्ही. गल्लीतल्या लेकुरवाळ्यांकडून रिकाम्या मागून आणल्या, गरम पाण्याने धुतल्या, लेबलं भिजू दिली नाहीत. ड्रॉपर रुमालात वेगळे बांधलेत. माझा जुना काचेचा मेझरही त्यात आहे, त्याचा काठ एका बाजूला किंचित उडालाय, मुलांच्या हातात देताना सांग. मंगळवारच्या प्रॅक्टिकलला मिळेल. पोचलं की फोन कर.

तुझी,
आई