कॉसमॉस म्हणजे रानफूल नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी सप्टेंबर आला की पेपरात टेकडीवरच्या केशरी-पिवळ्या फुलांचा फोटो येतो आणि खाली 'रानफुलांचा बहर' असं लिहिलेलं असतं. अहो, तो कॉसमॉस आहे, मूळचा मेक्सिकोकडचा, बागांमधून सुटून पुण्याच्या टेकड्यांवर पसरलेला. दिसतो छान, नाही म्हणत नाही, पण तो माजला की खालचं सगळं दडपतो, आणि आपलं जे काही आहे ते तिथे खालीच आहे.

वेताळ टेकडीवर रोज वॉकला जाणाऱ्यांनी जरा चाल कमी करून वाटेच्या कडेला बघावं. पहिल्या पावसानंतर काळी मुसळी येते, पानं गवतासारखी म्हणून लक्षच जात नाही आणि फूल पिवळं, अगदी जमिनीला टेकलेलं. मग पांढरी मुसळी, मग कळलावी. कळलावीचा एक तरी वेल थांबून बघाच, तिच्या पानाचं टोकच लांब होऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या झुडपाला धरून वेल वर चढतो, फूल खाली मान घालून असतं पण पाकळ्या मागे वळून वर उभ्या, आधी हिरवट-पिवळ्या, मग अर्ध्या लाल, शेवटी लालभडक, त्यामुळे एकाच वेलावर सगळे रंग दिसतात. (तोडू मात्र नका, कंद तर जहाल विषारी असतो.)

ही सगळी कंदवाली मंडळी. उन्हाळाभर जमिनीखाली असतात, वर काही दिसत नाही म्हणून आपण टेकडीला उजाड ठरवतो आणि वृक्षारोपणाचे खड्डे नेमके जुलैत खणतो, म्हणजे कंदांना कोंब फुटून ते वर आलेले असतात तेव्हाच! ग्लिरिसिडिया असाच हिरवळीच्या नावाखाली लावला गेला, त्याच्या सावलीत उघड्या माळावरची फुलं टिकत नाहीत. यंदा तर एक ग्रुप मुठी भरभरून कॉसमॉसचं बी उधळताना दिसला, हौसेनं, टेकडी सुंदर दिसावी म्हणून. चांगली माणसं होती हो, पण त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि ते सांगायचं काम पेपर सगळ्यात सोपं करू शकतो.

तेव्हा एवढी विनंती, फोटो जरूर छापा पण खाली फुलाचं खरं नाव टाका. आणि कॉसमॉस एकाच हंगामाचं झाड आहे, बी धरायच्या आत मुळासकट उपटलं तर पुढच्या वर्षी कमी उगवतं, तर वनखात्याला विचारून तशी मोहीम कुणी काढणार असेल तर तिची तारीख आधी छापा, आम्ही बरेच जण येऊ.

आपला,
एक टेकडीप्रेमी वाचक, कोथरूड, पुणे