मोबाईलमधले मृत्युपत्र आपल्या कोर्टात टिकत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुणालाही न पाठवलेला, मोबाईलमध्येच राहिलेला एक मेसेज ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या कोर्टाने २०१७ मध्ये मृत्युपत्र म्हणून मान्य केला. ही बातमी खरी आहे. पण तिच्या भरवशावर 'बाबांचा व्हिडिओ आहे ना' म्हणणारा वावर गमावून बसेल. सही-साक्षीतली उणीव पोटात घालण्याचा अधिकार तिथल्या कायद्याने कोर्टाला दिला आहे. न्यूझीलंडच्या २००७ च्या कायद्यातही तो आहे. आपल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात तसे कलमच नाही. मरणाऱ्याची इच्छा कितीही खरी असो, सही-साक्षीचे कलम ६३ पाळले नसेल तर तो कागद मृत्युपत्र ठरत नाही.

'मरताना चौघांदेखत सांगितले' हेही चालत नाही. खेड्यापाड्यांतल्या हिंदूंची तोंडी मृत्युपत्रे १ जानेवारी १९२७ पासून बंद झाली. (मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयत आजही होऊ शकते.)

कलम ६३ मागते ते थोडेच. करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि निदान दोन साक्षीदार. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी किंवा 'ही माझीच सही' हे करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि स्वतःची सही त्याच्यासमोर करावी. दोघे एकाच वेळी हजर नसले तरी चालते. घोळ होतो तो इथेच. तहसीलीसमोर स्टॅम्पपेपरवर कागद टाइप होतो, म्हातारा अंगठा देऊन बसने गावी जातो आणि साक्षीदारांच्या सह्या संध्याकाळी पानठेल्यावर होतात. ही चूक नोटरीच्या शिक्क्याने भरून निघत नाही. स्टॅम्प तर मुळात लागतच नाही, साधा कागद पुरतो. लिहून देणारा अर्जनवीसही आपोआप साक्षीदार होत नाही.

रजिस्ट्री ऐच्छिक आहे. केलेली बरी, पण तीही साक्षीदाराची जागा घेत नाही. वाद झाला की हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात उभे करावे लागते, आणि दुसऱ्यानेही रीतसर साक्ष घातली होती हे त्यालाच सांगता आले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये जानकी भोईर प्रकरणात हेच बजावले. म्हणून साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत. सत्तरीचे दोन मित्र नकोत. दोघेही वारले तर निदान एका साक्षीदाराचे अक्षर आणि करणाऱ्याची सही ओळखणारा माणूस शोधत फिरावे लागते. तीस वर्षे जुना दस्त आपोआप खरा मानण्याची सवलत मृत्युपत्राला नाही.

ज्याला वावर मिळणार त्यानेच म्हाताऱ्याला गाडीत घालून आणले, मजकूरही त्यानेच सांगितला, तर संशय फेडण्याचे ओझे त्याच्यावर येते. हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच स्पष्ट केला आहे. आणि वडिलोपार्जित जमिनीत बापाला फक्त स्वतःच्या हिश्श्याचेच मृत्युपत्र करता येते, हे तर कुणी विचारतही नाही.

घरात असा अर्धवट कागद असेल आणि करणारा हयात असेल, तर नवा करायला अर्धा तास लागतो. तो गेला असेल तर आधी सगळ्या वारसांची नावे फेरफाराने चढवावी आणि ज्याला द्यायचे त्याच्या नावे रजिस्टर हक्कसोडपत्र करावे. एक बहीण जरी सहीला आली नाही, तरी तिचा हिस्सा तिच्याच नावे राहतो.

एक अर्जनवीस, दारव्हा (जि. यवतमाळ)